तान्ह्या बाळाच्या डोक्यावरील खपली व कोरडी त्वचा : घ्यावयाची काळजी



बाळ दोन-तीन आठवड्यांचे झाले की काही बाळांच्या टाळूवर पिवळसर, तेलकट व चिकट खपल्या दिसू लागतात. कधी त्या भुवयांवर आणि कानामागेही येतात. 'न्हाऊ नीट घालत नाही, म्हणून डोक्यात मळ साचला', असा बोल मग बाळंतिणीला लागतो. डाळीच्या पिठाने घासणे, नखाने खपली काढणे, कोणी सांगेल ते मलम लावणे असे उपाय सुरू होतात. वास्तविक या खपलीमुळे बाळाला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो बहुधा अशा उपायांमुळे. म्हणून खपली कशी हाताळावी, हे प्रत्येक घरात माहीत असणे आवश्यक आहे.

खपली का येते?

डॉक्टर या खपलीला 'क्रेडल कॅप' म्हणतात. गर्भात असताना आईच्या शरीरातील संप्रेरके बाळाला मिळतात. त्यांच्या प्रभावाने जन्मानंतर काही काळ बाळाच्या त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात. त्वचेवर नेहमीच असणारी एक सूक्ष्म बुरशी या तेलावर वाढते, असेही आढळले आहे. त्वचेच्या सुटणाऱ्या पेशी या तेलाने एकमेकींना चिकटतात व खपली तयार होते. हा मळ नव्हे, संसर्गजन्य रोग नव्हे आणि आईच्या खाण्यापिण्याचाही हा दोष नाही. त्यासाठी आईने पथ्य करण्याची किंवा अंगावर पाजणे बंद करण्याची मुळीच गरज नाही. बहुतेक बाळांची खपली सहा महिने ते एक वर्षाच्या आत आपोआप जाते.

खपली सैल करण्याची पद्धत

१) न्हाऊ घालण्यापूर्वी अर्धा चमचा खोबरेल तेल खपलीवर हलक्या हाताने लावावे.
२) तेल १५ ते २० मिनिटे राहू द्यावे. त्यामुळे खपली मऊ पडते.
३) बाळासाठी वेगळा ठेवलेला मऊ ब्रश किंवा ओले मऊ फडके डोक्यावरून हळुवार फिरवावे. जेवढी खपली सुटेल तेवढीच काढावी.
४) कोमट पाणी व बाळांसाठीचा सौम्य शाम्पू वापरून तेल पूर्ण धुऊन काढावे. डोक्यावर राहिलेल्या तेलाने खपली पुन्हा जाड होते.
५) मऊ कापडाने डोके टिपून कोरडे करावे.

हा उपाय आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरेसा आहे. घट्ट चिकटलेली खपली ओढून काढल्यास खालची त्वचा सोलली जाते, रक्त येते व जखमेत जंतू शिरतात. तीही पुढच्या एक-दोन न्हाणांत सैल होते. घाई करू नये.

टाळूविषयी गैरसमज

पुष्कळ घरांत टाळू 'भरण्यासाठी' रोज तेलाची धार धरतात किंवा तेलाचा बोळा ठेवतात. टाळू तेलाने भरत नाही. कवटीची हाडे वाढून ती साधारणपणे ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आपोआप बंद होते. उलट रोज मुरवलेल्या तेलाने खपली वाढते. याउलट काही माता भीतीने टाळूला हातच लावत नाहीत, त्यामुळे तेथे खपली साचते. टाळूखाली चिवट पडदा असतो. हलक्या हाताने धुतल्यास इजा होत नाही. मात्र टाळू दाबू नये.

कोरड्या त्वचेची काळजी

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत हातापायांची त्वचा पापुद्र्यासारखी सुटते. हे नैसर्गिक आहे. जन्मतः अंगावर असलेला पांढरा लेपही घासून काढू नये. तो त्वचेचे रक्षण करतो. पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालावी.

पुढे, विशेषतः थंडीत, त्वचा कोरडी पडू नये म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

• पाणी कढत नको, कोमट असावे. कोपर बुडवून पाहावे. अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपावी.
• साबण सौम्य असावा व आठवड्यातून दोन-तीन वेळाच वापरावा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा अंश अंगावर राहतो; म्हणून पाणी उकळून, निवळून वरचे घ्यावे.
• डाळीचे पीठ, उटणे यांनी अंग रगडू नये. नाजूक त्वचेला त्याने ओरखडे पडतात.
• अंग टिपून लगेच खोबरेल तेलाचा किंवा साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा.
• अंगाशी सुती कपडे घालावेत. लोकर वरून घालावी. कपडे दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावेत.
• शेगडीची धुरी देऊ नये. धूर बाळाच्या श्वासाला घातक आहे.

हे मुळीच लावू नये

कापूर घातलेले तेल, बोरिक पावडर, लसणाचा रस व मोठ्यांच्या कोंड्याची औषधे बाळाला लावू नयेत. कापूर व बोरिक पावडर त्वचेतून शरीरात जाऊन विषबाधा होऊ शकते. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मलमांत बऱ्याच वेळा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खपली लवकर जाते, परंतु बाळाची त्वचा पातळ होते.

शेतकरी कुटुंबांनी फवारणीहून आल्यावर अंघोळ करून व कपडे बदलूनच बाळाला घ्यावे. फवारणीचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. औषधाच्या रिकाम्या बाटलीत बाळाचे तेल कधीही ठेवू नये. डांबर गोळ्या घालून ठेवलेली जुनी बाळंती वापरू नयेत. काही बाळांना त्याने गंभीर कावीळ होऊ शकते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

खपलीखालून पाणी किंवा पू येणे, दुर्गंधी येणे, त्वचा लालभडक होणे, चट्टे अंगभर पसरणे किंवा बाळ सतत खाजवत असणे, ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. गाल लाल व खरखरीत होऊन खाज येत असेल, तर तो इसब असू शकतो व त्याचे उपचार वेगळे असतात.

बाळ दूध ओढत नसेल, ताप असेल, अंग गार पडले असेल, बेंबीभोवती लाली असेल, अंगावर पुवाचे फोड असतील, टाळू फुगलेली अथवा खोल गेलेली दिसत असेल, तर एक तासही वाया घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत उपचार होतात. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत आशा कार्यकर्ती ठराविक दिवशी घरी येते. त्या वेळी बाळाचे कपडे काढून पूर्ण त्वचा तिला दाखवावी.

कोवळ्या रोपाच्या मुळाशी आपण खुरपे जपून चालवतो. बाळाच्या त्वचेलाही तसाच जपून हात लावावा. थोडे तेल, कोमट पाणी आणि काही आठवड्यांचा धीर एवढे बहुतेक बाळांना पुरते. आणि घरात कोणी बाळंतिणीला बोल लावत असेल, तर त्यांनाही ही माहिती अवश्य वाचून दाखवावी.