डब्लिनला जाण्याआधी काय वाचावं?

प्रश्न : मुलगी डब्लिनला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिथला समाज आणि राजकारण कळायला काय वाचावं, काय पाहावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : एकच पुस्तक वाचणार असाल, तर क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ ही छोटी कादंबरी वाचा. काळ १९८५चा, नाताळचे दिवस. मठात कोळसा पोहोचवायला गेलेल्या व्यापाऱ्याला कोळशाच्या कोठारात कोंडलेली मुलगी सापडते. चर्चच्या धाकानं अख्खं गाव कसं गप्प बसतं, हे जाडजूड इतिहासापेक्षा इथे जास्त कळतं. उत्तर आयर्लंडच्या हिंसाचारासाठी पॅट्रिक रॅडन कीफ यांचं ‘से नथिंग’ घ्या.

१६ जूनला डब्लिनमध्ये असाल, तर ब्लूम्सडे चुकवू नका. लेखक जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ या कादंबरीचं कथानक १९०४ सालच्या याच दिवशी घडतं. लोक त्या काळचे कपडे घालून कादंबरीतल्या जागांवर फिरतात, उतारे वाचतात. ‘युलिसिस’ आधी वाचलेलीच हवी, असं मुळीच नाही.

किल्मेनहॅम तुरुंग मात्र पाहाच. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६च्या उठावातल्या १४ जणांना तिथे गोळ्या घातल्या. त्यांतले एक नेते, जखमी जेम्स कॉनली यांना उभंही राहता येत नव्हतं, तेव्हा खुर्चीत बसवून मारलं. तिथे गर्दी फार असते. घरून निघण्यापूर्वीच तिकिटं ऑनलाइन काढून ठेवा.