गिलाव्याआधी खिडक्या बसवू नका

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात घर बांधताना स्लायडिंग खिडक्यांना आम्ही ब्राउन अ‍ॅनोडाइज केलेले सेक्शन घेतले होते. पाऊस तोंडावर आला, तशी फॅब्रिकेटरनं घाई केली आणि गिलाव्याआधीच फ्रेम ठोकून तो मोकळा झाला. गिलावा करताना फ्रेमवर माल उडाला. गवंड्यानं तो वाळल्यावर पत्रीनं खरवडला, तर खाली पांढरे डाग. ते घालवायला त्यानं फरशी धुवायचं अ‍ॅसिड फिरवलं आणि होता तो रंगही चट्ट्याचट्ट्यांनी गेला.

अ‍ॅनोडाइजिंग म्हणजे वरून मारलेला रंग नव्हे. सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत सेक्शन बुडवून वीज सोडतात, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचं कठीण ऑक्साइड बनतं. ब्राउन छटा त्याच्या सूक्ष्म छिद्रांत बसवतात आणि मग ती छिद्रं बंद करतात. म्हणून हा थर पापुद्र्यासारखा सुटत नाही. पण तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही त्याला खातात, आणि ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो. एकदा थर खाल्ला गेला की जागेवर इलाज नाही. ऑइलपेंटचा हात मारून देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. तो पुढं सुटतोच.

पावडर कोटिंग घेणार असाल तर बाहेरच्या खिडक्यांना पॉलिएस्टर पावडरच मागा. इपॉक्सी आत चालते, उन्हात मात्र तिच्यावर खडूसारखी भुकटी येते. थर सरासरी ६० मायक्रॉनच्या खाली नको. अ‍ॅनोडाइजिंगला बाहेरच्या वापरासाठी २० ते २५ मायक्रॉन सांगा, आणि बिलावर मायक्रॉनचा आकडा लिहून घ्या. त्यासाठीचं भारतीय मानक आयएस १८६८ आहे. सेक्शन कापण्याआधी इलेक्ट्रिशियनचं मल्टीमीटर लावून बघा. दोन्ही टोकं पृष्ठभागावर हलकेच टेकवली आणि बीप वाजला, तर तिथं थरच नाही. कापलेल्या कडेवर तो वाजणारच, कारण ती उघडी असते. तिथं साधे लोखंडी स्क्रू नकोत, स्टेनलेसचे घ्या.

गिलावा आधी उरका. नाइलाज असेल तर फ्रेमला प्लास्टिकची फिल्म चिकटवा. माल उडालाच तर ओला असतानाच भरपूर पाण्यानं धुवा. काम संपलं की फिल्म लगेच काढा. परभणीच्या उन्हाळ्यात तिचा गोंद भाजून घट्ट बसतो आणि फिल्म चिंधी-चिंधी होऊन निघते.