तानाजी आणि घोरपड

तानाजी मालुसऱ्यांचे नाव निघाले की आपल्याला घोरपड आठवते. तिचे नाव यशवंती. तिला दोर बांधून कड्यावर सोडली आणि तो दोर धरून मावळे वर गेले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ही गोष्ट आहे. पोवाडा ऐकताना अंगावर काटा येतो, यात शंका नाही. पण खरे काय घडले?

कोंढाणा किल्ला १६६५ साली पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला होता. पुढे १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी तो परत घ्यायला निघाले. माघ वद्य नवमीची रात्र, म्हणजे चंद्र उशिरा उगवणार. गडावर किल्लेदार उदेभान. तो आणि तानाजी समोरासमोर लढले. दोघेही पडले. मग तानाजींचे भाऊ सूर्याजी पुढे झाले आणि गड हाती आला.

आता घोरपड. आपल्यापैकी रानात हिंडणाऱ्यांनी ती पाहिली असेल. नखे रोवून बसली की हलत नाही, हे खरे. पण भरल्या अंगाच्या गड्याचा भार ती कुठवर पेलणार? आणि आपण दाखवू त्याच वाटेने ती वर जाईल काय?

कृष्णाजी अनंत सभासद हे शिवाजी महाराजांच्या पदरचे गृहस्थ. महाराज गेल्यावर थोड्याच वर्षांत त्यांनी बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाहीच. ते सांगतात, चढण्यात पटाईत असे दोन मावळे निवडले. ते वानरासारखे कडा चढून गेले. त्यांनी वरून दोराची शिडी लावली. तिच्यावरून तानाजी आणि तीनशे माणसे वर आली.

आणखी एक. तानाजी सिंहासारखे लढून पडले म्हणून गडाला सिंहगड नाव मिळाले, असे म्हणतात. पण महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हेच नाव आहे. म्हणजे लढाईच्या सात वर्षे आधी! याने तानाजींचा मोठेपणा तिळभरही कमी होत नाही. पोवाडाही आपण खुशाल ऐकावा.

मनाला लागते ते वेगळेच. काळोखात, हाताच्या बोटांवर जीव तोलून, आधी कोण वर गेले? दोन माणसे. घोरपडीचे नाव घरोघरी ठाऊक आहे. त्या दोघांची नावे बखरीत लिहिलेली नाहीत.