सह्या, दुधाचे दात आणि चहाच्या पुड्या

गेल्या वर्षी ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमा दिनी, आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे एक लांबलचक पांढरे कापड बांधले होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पेन द्यायचे आणि "विश्वशांतीसाठी सही करा" म्हणायचे, एवढेच आम्हा स्वयंसेवकांचे काम. दुपारपर्यंत कापड भरले. कोणी सहीखाली वर्ग आणि तुकडी लिहिली, कोणी बदाम काढला, एकाने तर आपल्या आवडत्या नटाचीच सही ठोकून दिली. कँटीनमध्ये चहा देणारे काका मात्र पेन हातात घेऊन थांबले आणि म्हणाले, "पोरी, हे कापड पाठवणार कुणाला?"

मला उत्तर देता आले नाही. काकांनी सही केली, पण ती माझी भीड म्हणून. पुढे स्नेहसंमेलनाच्या तयारीत तेच कापड मला रंगमंचामागे रंगाच्या डब्यांखाली अंथरलेले दिसले. मला राग आला. पण तो कोणावर काढावा हे कळेना, कारण ते जपून ठेवा असे आम्हीही कोणाला सांगितले नव्हते.

प्रस्तुत लेख हा काकांच्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. सामान्य माणसाने जगाच्या शांततेसाठी काही करणे खरोखर शक्य असते, की ती केवळ मनाची समजूत? या प्रश्नावर हवेत बोलण्यापेक्षा एखादा असा कालखंड तपासावा, ज्याच्या शेवटी काही मोजता येण्याजोगे घडले, असे मी ठरवले. १९५४ ते १९६३ ही नऊ वर्षे त्यासाठी मला सोयीची वाटली. त्यांच्या एका टोकाला हायड्रोजन बॉम्बचा एक भयानक स्फोट आहे आणि दुसऱ्या टोकाला अणुचाचण्यांवरचा पहिला आंतरराष्ट्रीय करार. मधल्या वर्षांत गृहिणी, मासेविक्रेते, शाळकरी मुले आणि दोन निष्कांचन पदयात्री वावरताना दिसतात.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट शक्तीचा हा स्फोट अमेरिकन शास्त्रज्ञांच्या अंदाजापेक्षाही कितीतरी मोठा निघाला. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी नौका होती. नावाचा अर्थ 'भाग्यशाली ड्रॅगन क्रमांक पाच'. नियतीची थट्टा म्हणतात ती हीच. नौकेवरील २३ खलाशांवर पांढरी राख बर्फासारखी पडत राहिली. १४ मार्चला ते याइझू बंदरात परतले, तेव्हा सर्वांनाच किरणोत्सर्गाची बाधा झालेली होती. त्यांच्यापैकी बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारे कुबोयामा आयकिची त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मरण पावले.

बातमी फुटली तोवर त्या नौकेवरचे काही मासे बाजारात पोहोचलेही होते. टोकियोच्या त्सुकिजी मासळीबाजारात किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रे आली आणि दूषित ट्यूना मासा जमिनीत पुरण्यात आला. पुढच्या महिन्यांत इतर शेकडो नौकांची मासळीही फेकून द्यावी लागली. जपानी जेवणात माशाचे स्थान काय, हे कोकणातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मासा कोणी विकत घेईना. दुकाने ओस पडली.

टोकियोच्या पश्चिमेला सुगिनामी नावाचा विभाग आहे. वस्ती बहुतांशी नोकरदार मध्यमवर्गीयांची. तेथील सार्वजनिक सभागृहात स्त्रियांचे एक वाचनमंडळ भरत असे. सभागृहाचे प्रमुख यासुई काओरू हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. गृहिणींनी एकत्र जमून समाजशास्त्राची पुस्तके वाचायची, शंका विचारायच्या, असा हा साधा क्रम. त्या एप्रिलमध्ये याच सभागृहातील स्त्रियांच्या एका सभेत एका मासेविक्रेत्याची पत्नी उठून उभी राहिली आणि तिने आपल्या धंद्याची दशा सांगितली. त्या क्षणी, माझ्या समजुतीप्रमाणे, एका कुटुंबाची चूल आणि महासत्तांचे राजकारण एकाच खोलीत आले.

९ मे १९५४ रोजी सुगिनामीत सह्यांच्या मोहिमेसाठी समिती स्थापन झाली. स्त्रिया घरोघरी, दुकानांत, शाळांत गेल्या. विभागाची लोकसंख्या तेव्हा चार लाखांच्या आतबाहेर. दोन महिन्यांच्या आत अडीच लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या. ऑगस्टमध्ये देशव्यापी मंडळ उभे राहिले आणि वर्षभरात सह्यांचा आकडा तीन कोटींच्या वर गेला. ६ ऑगस्ट १९५५ रोजी हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी पहिली जागतिक परिषद भरली, ती या सह्यांच्या बळावर.

या परिषदेचा एक परिणाम मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९४५ च्या बॉम्बमधून वाचलेल्या माणसांना जपानी भाषेत 'हिबाकुशा' म्हणतात. दोस्त राष्ट्रांचा अंमल १९५२ मध्ये संपेपर्यंत अणुबॉम्बविषयीच्या लिखाणावर नियंत्रण होते. त्यामुळे या लोकांची हकीकत खुद्द जपानातही पुरती माहीत नव्हती. शिवाय त्यांच्याशी लग्नसंबंध नकोत, त्यांना कामावर ठेवायला नको, अशी वागणूक. परिषदेत त्यांना हजारो लोकांसमोर बोलता आले. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १९५६ रोजी, त्यांची 'निहोन हिदानक्यो' ही संघटना स्थापन झाली. २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच संघटनेला.

येथे एक तुलना करावीशी वाटते. सह्यांची मोहीम काही सुगिनामीच्या स्त्रियांनी शोधून काढलेली नाही. १९५० मध्ये स्टॉकहोम आवाहनावर तर जगभरातून कोट्यवधी सह्या झाल्या होत्या. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेडरिक जोलिओ-क्युरी त्या चळवळीचे अध्वर्यू होते आणि आपले दामोदर धर्मानंद कोसंबी हेही जागतिक शांतता परिषदेच्या कार्याशी निगडित होते. माणसे प्रामाणिक होती. पण आवाहनाला सोव्हिएत सरकारचा पाठिंबा असल्याने पाश्चात्त्य देशांनी ते प्रचार म्हणून बाजूला सारले. सुगिनामीत ही चूक टळली. पत्रकात एका देशाला आरोपी केले नव्हते. जगातील सर्व सरकारांना आणि सर्व नागरिकांना उद्देशून ते लिहिले होते. म्हणून त्यावर उजव्यांनी सही केली आणि डाव्यांनीही. 'हे कुणाला पाठवणार' याचे उत्तर त्यांच्यापाशी पहिल्या दिवसापासून होते.

आता प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात जाऊ. ज्या सरकारने बिकिनीचा स्फोट केला, त्याचेच हे नागरिक. म्हणून त्यांची कामगिरी मला अधिक अवघड वाटते. हवेत होणाऱ्या अणुस्फोटांतून स्ट्रॉन्शियम-९० नावाचा किरणोत्सर्गी पदार्थ दूरवर पसरतो. रासायनिक दृष्ट्या तो कॅल्शियमचा भाऊबंद. पावसाबरोबर तो गवतावर पडतो, गवतातून गाईच्या पोटात, दुधातून मुलाच्या हाडांत आणि दातांत जातो. तो निम्मा व्हायलाच सुमारे २९ वर्षे लागतात. सरकारी अधिकारी सांगत होते, काळजीचे कारण नाही. नागरिकांना ते मोजून पाहायचे होते. पण जिवंत मुलाचे हाड काढून कसे तपासणार?

दुधाचे दात मात्र आपोआप पडतात! १९५८ मध्ये सेंट लुइसमधील नागरिक आणि शास्त्रज्ञ यांच्या समितीने, तेथील दोन विद्यापीठांच्या दंतवैद्यक विभागांच्या साहाय्याने, मुलांचे पडलेले दात गोळा करण्यास आरंभ केला. पहिली काही वर्षे डॉ. लुईस रीस या वैद्यक स्त्रीने हे काम सांभाळले. प्रत्येक दाताबरोबर एक कार्ड भरून घेत: मुलाचा जन्म कधीचा, आई गरोदरपणी कोठे राहत होती, मूल कोणत्या दुधावर वाढले. दुधाच्या दाताचा वरचा भाग जन्माआधी आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास तयार होतो. म्हणजे सात वर्षांच्या मुलाचा दात हा सात वर्षांपूर्वीच्या हवापाण्याची जणू नोंदवहीच. दात पाठवणाऱ्या मुलाला 'मी माझा दात विज्ञानाला दिला' अशा अर्थाचा बिल्ला मिळे.

आपल्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकतात. माझे पहिले दोन आजीने असेच फेकले. अमेरिकेतील मुले दात उशीखाली ठेवतात आणि रात्री परी येऊन तो नेते व नाणे ठेवते, अशी समजूत. सेंट लुइसच्या पोरांनी परीला चकवून दात प्रयोगशाळेत पाठवले. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात जमले. कार्डे लावणे, दात निवडणे, नोंदी ठेवणे ही कंटाळवाणी कामे शेकडो स्वयंसेवकांनी, त्यांतही मुख्यतः स्त्रियांनी, वर्षानुवर्षे केली. पहिले निष्कर्ष नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले: चाचण्या वाढत गेल्या तसे दातांतील स्ट्रॉन्शियमही वाढत गेले होते. पुढे आढळले की, १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० मध्ये जन्मलेल्यांच्या सुमारे ५० पट होते.

त्याच महिन्यात, १ नोव्हेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतील अनेक शहरांत हजारो स्त्रियांनी एक दिवस घरकाम आणि नोकरी बाजूला ठेवून चाचण्यांविरुद्ध मोर्चे काढले. दोनच दिवसांपूर्वी सोव्हिएत संघाने इतिहासातला सर्वांत मोठा बॉम्ब उडवला होता. स्त्रियांनी निषेध दोन्ही सरकारांचा केला.

चहाच्या पुड्यांची हकीकत यापुढची. १ जून १९६२ रोजी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीतील राजघाटावरून पायी निघाले. नव्वदीच्या घरातील बर्ट्रांड रसेल अण्वस्त्रांविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात गेले, ही बातमी त्यांनी वाचली होती. दोघेही विनोबांचे कार्यकर्ते. गागोद्याच्या या ऋषीने त्यांना आशीर्वादाबरोबर एक अट घातली: पैसे जवळ बाळगायचे नाहीत. अट विचित्र वाटते, पण तिचा अर्थ चालताना उलगडतो. पैसा असलेला माणूस खाणावळीत उतरतो. नसलेल्याला कोणाचे तरी दार ठोठावावे लागते, आणि मग बोलणे होते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करीत ते सोव्हिएत संघात पोहोचले. जॉर्जियातील एका चहाच्या कारखान्यातील कामगार स्त्रीने त्यांना चार पुड्या दिल्या. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या चार राष्ट्रांच्या प्रमुखांना एकेक द्या. बॉम्बचे बटण दाबण्याची इच्छा झाली तर आधी हा चहा करून प्यावा आणि विचार करावा, असा तिचा निरोप होता. मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन येथे या पुड्या त्यांनी पोहोचवल्या. पॅरिसला त्यांना तुरुंगही पाहावा लागला. वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत केनेडींची हत्या झाली होती.

या पुड्यांनी काय साधले? मोजण्याजोगे काहीच नाही, असे मला प्रामाणिकपणे म्हणावे लागते. तरी त्या पत्ता लिहून पाठवलेल्या होत्या, आमच्या कापडासारख्या नव्हत्या.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदीचा करार झाला. हवेत, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचे अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी मान्य केले. चाचण्या थांबवाव्यात अशी मागणी पंडित नेहरूंनी बिकिनीनंतर लगेच, २ एप्रिल १९५४ रोजी, संसदेत केली होती. भारताने या करारावर ८ ऑगस्टलाच सही केली. हा करार गृहिणींनी घडवला असे मी म्हणणार नाही. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगाने दोन्ही नेत्यांना हादरवले होते, आणि दोघांचे आपापले हिशेब होतेच. पण हवेतल्या चाचण्या आधी थांबल्या आणि भूमिगत चाचण्या चालू राहिल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जे मासळीत, दुधात आणि दातांत सापडत होते, ते बंद झाले. जे नागरिकांच्या घरापर्यंत पोहोचत नव्हते, ते चालू राहिले. फ्रान्स आणि चीन यांनी तर सहीच केली नाही. आपल्या देशानेही १९७४ मध्ये आणि १९९८ मध्ये पोखरण येथे भूमिगत स्फोट केले. माझा मामेभाऊ सैन्यात आहे आणि सीमेवरची बातमी लागली की मामी दूरदर्शन संच बंद करून देवाजवळ जाऊन बसते. तेव्हा देशाच्या संरक्षणाचा प्रश्न एका वाक्यात निकालात काढण्याचा अधिकार मी घेणार नाही.

जपानच्या चळवळीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. राजकीय पक्ष आत शिरले. सोव्हिएत चाचण्यांचा निषेध करावा की नाही, यावरून १९६३ मध्ये भर परिषदेत फूट पडली आणि दोन संघटना झाल्या. मासेविक्रेत्याच्या बायकोला हा वाद कसा वाटला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

सेंट लुइसच्या दातांना मात्र अनपेक्षित उत्तरायुष्य लाभले. २००१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ताब्यातील एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात सुमारे ८५ हजार दात सापडले, कार्डांसकट. ती मुले एव्हाना चाळिशी-पन्नाशीची झाली होती; त्यांच्या आरोग्याचा माग काढण्यासाठी हे दात पुन्हा संशोधकांच्या हाती गेले.

या वर्षी ६ ऑगस्टला आम्ही कापड बांधले नाही. जून महिन्यापासून आम्ही सहा जणी दर शनिवारी कँटीनच्या मागच्या बाकावर बसून वाचतो. हा लेख त्या वाचनातूनच तयार झाला. इतिहासाच्या बाई अधूनमधून येतात आणि आमच्या चुका काढतात. परवा काकांनी विचारले, "यंदा सही नाही घेत?"

"अजून कुणाला पाठवायची ते ठरतंय, काका," मी म्हटले.

"मग ठरवा," म्हणून त्यांनी सहा चहा ठेवले आणि वहीत लिहून घेतले.