रिपोर्टवरची ‘नॉर्मल रेंज’ येते कुठून?

मैत्रिणींनो, रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण आकडा ‘नॉर्मल रेंज’शी ताडून बघतो. आत असला की निश्चिंत, बाहेर असला की जीव टांगणीला. पण ही रेंज ठरते कशी?

रेंज कशी ठरते?
निदान 120 निरोगी माणसे निवडतात. आजारी आणि गरोदर बाया वेगळ्या ठेवतात. सगळ्यांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडले की उरलेले मधले 95 टक्के म्हणजे रेंज. म्हणजेच शंभरातली पाच धडधाकट माणसेही रेंजबाहेर पडतात! मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने निरोगी भारतीयांचे रक्त तपासून 33 घटकांच्या रेंज 2018 मध्ये प्रसिद्ध केल्या.

किडनी : क्रिएटिनिन
हे स्नायूंपासून तयार होते. बाईचे स्नायू कमी, म्हणून तिचा आकडाही सहसा कमी. समजा, 65 वर्षांच्या आजी-आजोबांचे क्रिएटिनिन सारखेच, 1.1 आले. दोघेही ‘नॉर्मल’ वाटतील. पण किडनी रक्त किती गाळते ते सांगणारा ईजीएफआर काढला, तर आजोबांचा साधारण 74 येतो, आजींचा 56. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर तो किडनीचा आजार धरतात. म्हणून ईजीएफआर मागून घ्या.

लिव्हर : एसजीपीटी, एसजीओटी
दारू, लिव्हरवरची चरबी, कावीळ, काही औषधे यांनी हे वाढतात. एसजीओटी स्नायूंतही असते, त्यामुळे खूप अंगमेहनतीनंतरही वाढू शकते. एकदाच थोडे वाढले तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवा
- रेंज लॅबप्रमाणे थोडी बदलते. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.
- जुने रिपोर्ट फाईलमध्ये जपा. आपलाच आकडा वाढत चाललाय का, ते त्यातून कळते.
- गरोदरपण, दुखण्याच्या गोळ्या, झाडपाल्याचे औषध, सगळे डॉक्टरांना सांगा.
- लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे पिवळे, लघवी कमी असे झाले तर लेप्टो असू शकतो. तो किडनी-लिव्हर दोन्हींवर जातो. रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

गटात करूया : पुढच्या बैठकीत साठीपुढच्या, बीपी किंवा साखर असलेल्या ताईंची यादी करा. त्यांचा ईजीएफआर कधी काढला होता, ते विचारा. काढला नसेल तर आशाताईंसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चौकशी करा.