गाजर गवत आणि त्वचेची स्मरणशक्ती

बेळगावहून निपाणीकडे जाताना रस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि शेतांच्या बांधांवर बारीक पांढऱ्या फुलांचे एक गवत माजलेले दिसते. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. पुण्यात त्याची नोंद १९५५ साली झाली. श्रमदानाच्या शिबिरांत आपले विद्यार्थी ते उघड्या हातांनी उपटताना मी पाहतो, म्हणून विज्ञानाचा शिक्षक या नात्याने हा विषय निवडला.

या गवताने होणाऱ्या त्वचादाहावर डॉ. लोणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. दोष आहे तो पार्थेनिन या द्रव्याचा. त्याचा रेणू इतका लहान की एकट्याने तो शरीराच्या संरक्षक पेशींच्या नजरेत भरत नाही. परंतु त्वचेतील प्रथिनाला चिकटला की ते प्रथिन परके भासू लागते.

त्वचेच्या वरच्या थरात लांगरहान्स पेशी पहारा देतात. पाउल लांगरहान्स याने त्या १८६८ साली शोधल्या, तेव्हा तो तुमच्यासारखाच विद्यार्थी होता. त्याला त्या मज्जापेशी वाटल्या! या पेशी परके प्रथिन उचलून जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तेथील टी-लिंफोसाइट पेशींना त्याची ओळख पटवतात. त्या पेशींची संख्या वाढते. काही पेशी ही ओळख वर्षानुवर्षे जपतात. या काळात बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून ‘मला आजवर काही झाले नाही’ हा युक्तिवाद फसवा आहे.

पुढे पुन्हा स्पर्श झाला की एकदोन दिवसांत या पेशी त्वचेत जमतात, दाहक द्रव्ये सोडतात, इतर पांढऱ्या पेशींना बोलावतात. त्वचा लाल होते, खाजते, पाझरते. हे काम रक्तद्रवाचे नसून पेशींचे आहे, हे लँडस्टायनर व चेस यांनी १९४२ साली गिनीपिगांवर दाखवले.

गवताचे सुके कण वाऱ्याबरोबर उडतात. त्यामुळे पापण्या, मान आणि कोपरांच्या खोबणी आधी धरतात. दाह वर्षानुवर्षे राहिला तर चेहऱ्याची कातडी जाड व काळपट होते. मग गावात कुष्ठाची कुजबुज सुरू होते आणि कष्टकरी माणूस विनाकारण एकटा पडतो. वास्तविक कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी होते. येथे खाज झोप उडवते. शिवाय हा दाह एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कुष्ठरोगही औषधाने बरा होतो, तेव्हा बहिष्काराला तेथेही आधार नाही.

मलमाने दाह शमतो. तीव्र रोगात लिंफोसाइटांना आवर घालणारी औषधे डॉक्टर देतात. पण पेशींची आठवण पुसणारे औषध नाही. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला भुंगा हे गवत खातो, तरी ते संपलेले नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, श्रमदान अवश्य करा. मात्र गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. ज्याला एकदा त्रास झाला आहे त्याने या कामापासून दूरच राहावे. त्वचा विसरत नाही, हे आपण विसरू नये.