ओंजळीतलं पाणी

चि. छोटीस,


दिवाळीत आपलं बोलणं अर्धवट राहिलं. गाडीची वेळ झाली, आणि निघता निघता तू म्हणालीस, "आजी, चूक-बरोबर असं मुळात काही नसतंच. ज्या समाजाला जे पटतं ते त्याच्यासाठी बरोबर. आपण कोण ठरवणार?" मी गप्प बसले. उत्तर द्यायचं तर मला माझ्याच लहानपणीची एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्या बोलण्यामागचा हेतू मला आवडतो. दुसऱ्याच्या रीतिभातींना नावं ठेवू नयेत, हे मला अगदी मान्य आहे. आपल्याकडे काही घरांत मामाची मुलगी सून म्हणून हक्काने आणतात; काही घरांत आतेभाऊ-मामेबहीण म्हणजे सख्खी भावंडंच. सारस्वतांच्या पानात मासळी असते, कित्येक देशस्थांच्या घरात तिचं नावही काढत नाहीत. यात कोणी पापी नाही की कोणी पुण्यवान नाही. अशा गोष्टी खरोखरच ज्याच्या त्याच्या.

आता ती गोष्ट. १९६५ च्या सुमाराची, मी दहा वर्षांची असेन. माझ्या माहेरी पावसाळ्याआधी लाकडं फोडायला गावकुसाबाहेरच्या वस्तीतून एक म्हातारे गृहस्थ यायचे. दुपारपर्यंत परसात कुऱ्हाड चालायची. मग ते पायरीपासून चार हात लांब उकिडवे बसत आणि पाणी मागत. पाणी द्यायचं काम माझं. तांब्या उंच धरायचा, धार त्यांच्या ओंजळीत सोडायची, तांब्याला हात लागू द्यायचा नाही. धार चुकली की निम्मं पाणी कोपरावरून सदऱ्यात उतरायचं. मला त्याची मजा वाटायची. चहासाठी त्यांची वेगळी कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात पालथी घातलेली असे. ती ते स्वतःच विसळून ठेवत. माझी आजी मायाळू बाई, तिने त्यांना कधी उपाशी धाडलं नाही. राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द करून पंधरा वर्षं झाली होती, तरी घरात कोणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

एकदा त्यांच्याबरोबर नातू आला, माझ्याच वयाचा. ऊन मी म्हणत होतं, पोराचे ओठ सुकले होते. मी तांब्या घेऊन गेले. मुलाने हात पुढे केले. आजोबांनी ते हलकेच खाली घेतले आणि म्हणाले, "थांब, घरी गेल्यावर पी." त्या दिवशी ते स्वतःही पाणी प्यायले नाहीत. भरला तांब्या घेऊन मी तशीच उभी राहिले.

त्या चार शब्दांचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यांना सगळं कळत होतं. स्वतःच्या वाट्याला आलं ते त्यांनी सोसलं, पण नातवाच्या ओंजळीत ते पडू द्यायचं नव्हतं. "त्या काळी सगळ्यांना ते मान्य होतं" असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्या सगळ्यांत हे आजोबा मोजलेलेच नसतात.

महाडच्या चवदार तळ्याबद्दल तू शाळेत वाचलंस. या प्रश्नासाठी ते पुन्हा वाच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं, ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच दिवशी लोकांना मारहाण झाली, मग तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. गावाला काय पटत होतं, ते उघड आहे. तुझ्या न्यायाने त्या दिवशी बाबासाहेब चूक ठरतात. असं तुला म्हणवेल का?

"तेव्हाची माणसंच तशी" हेही पुरतं खरं नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे त्याच काळात, त्याच महाडात बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते. त्याच डिसेंबरात मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. त्याआधी साठेक वर्षं, १८६८ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. पण समज, करता आलं असतं, तर? तर तहानेल्या माणसाला हाकलणं बरोबर ठरलं असतं का?

तुझी भीती मला कळते. "मीच बरोबर" म्हणणारी माणसंच जुलूम करतात. तळं 'शुद्ध' करणाऱ्यांनाही आपण धर्म राखतोय अशी खात्रीच होती. खात्री असली म्हणजे माणूस बरोबर असतो, असं नाही. पण मी चुकले होते, असं मी आज म्हणते. चूक-बरोबर हे नुसतं मत असेल, तर मी चुकलेच नव्हते. माझं मत बदललं, एवढंच. मग मला वाटते ती लाज कशाची? बरोबर असं काहीतरी आहे आणि ते आपल्याला दिसायचं राहून जाऊ शकतं, असं मानणारा माणूसच दुसऱ्याचं ऐकून घेतो.

म्हणून एकच सांगते. एखाद्या रीतीला 'ज्याचं त्याचं मत' म्हणण्याआधी तिचा भार ज्याच्यावर पडतो त्याला विचार. त्याला नाही म्हणायची सोय आहे का, ते बघ. नसेल, तर त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नकोस. याला फार लांब जायला नको. कामाला येणाऱ्या बायकांचा वेगळा कप, त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट, हे आजच्या मोठ्या शहरांतही आहे. तुझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आपल्याच पेल्यातून पाणी दे, आणि त्यांच्या शेजारी बसून तूही पी.

ते गृहस्थ माझ्या लग्नाआधीच गेले. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. तो मुलगा असेल तर आज माझ्याएवढाच म्हातारा असेल. त्याच्या आजोबांनी त्याचे हात खाली घेतले, ते तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

तब्येतीला जप.

तुझी,
आजी